‘तर’: खाडीवरच्या कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्याच्या नोंदी

६ जानेवारी

पहिला खर्डा डिसेंबरात संपवला होता. ३१ प्रकरणं, साधारण ७८,००० शब्द. महिनाभर फाईल उघडायची नाही असं स्वतःला बजावलं होतं, तीन आठवडे कसेबसे काढले. आज सकाळी उघडली आणि एका बैठकीत बारा प्रकरणं वाचली.

पुढे मलाच या नोंदी कळाव्यात म्हणून कथा इथे टिपून ठेवते. वाशिष्ठीच्या खाडीवर, जगबुडी नदी येऊन मिळते तिथून थोडं खाली, एक कल्पित गाव. इंजिनं यायच्या आधीचा काळ. यसू बापाच्या मागे गावची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवते. नारळी पौर्णिमेच्या रात्री धक्क्याच्या पायऱ्यांशी तिला गिऱ्हा भेटतो. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत, रात्री वाटसरूला चकवून खोल पाण्याकडे नेणारं. लोककथेत त्याला काबूत आणायची युक्ती ठरलेली आहे: त्याचे केस कापायचे आणि लपवून ठेवायचे. मग तो सांगाल ते काम करतो. केस परत हाती लागले की चालता होतो. यसू त्याची शेंडी कापते, तो तिची चाकरी करतो, हळूहळू मैत्री होते, त्याहून हळू प्रेम.

बेत तरी असा होता. आज वाचताना मैत्री दिसली, प्रेमही दिसलं, मधला रस्ता कुठे दिसला नाही. प्रकरण ७ मध्ये ती त्याला शिव्या घालते. प्रकरण ९ मध्ये तिचा ऊर धडधडतो. आठव्यात असं काय घडलं म्हणून बघितलं, तर वादळ. म्हणजे मी वादळावर भागवलंय.

११ जानेवारी

माझं पहिलं वाचन करणारी मैत्रीण एकच. कॉलेजपासून ती माझं सगळं कागदावर मागून घेते आणि समासात पेन्सिलीनं लिहिते. आज गठ्ठा परत आला. प्रकरण १४ मधला चांदण्यातला संवाद, जो लिहिताना मी स्वतःवर भलतीच खूश होते, त्याच्या शेजारी चारच शब्द: ‘त्याची शेंडी कुठे आहे?’

फोन केला. म्हटलं, अगं, तिच्याकडेच आहे, तांदळाच्या मडक्यात.

‘मग तो गोड बोलणारच की. चाकर मालकिणीशी गोडच बोलतो. उद्या शेंडी हातात आली तर हे चांदणं राहील का, तेवढं सांग.’

मी म्हटलं, शेवटच्या प्रकरणात ती देते ना शेंडी परत.

‘हो, आणि तो जात नाही, म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या. पण त्याआधीची तीस प्रकरणं तो पळू शकत नव्हता म्हणून थांबला होता, याचं काय करू मी?’

फोन ठेवल्यावर तासभर तिचा राग आला. नंतर प्रकरण १४ परत वाचलं. तो तिथे सहा वेळा ‘बाई’ म्हणतो.

१३ जानेवारी

ही अडचण माझी एकटीची नाही, एवढंच समाधान. जगभरच्या लोककथांत हा सांगाडा आहे. तळ्यावर उतरलेल्या हंसकुमारीचा पिसांचा पेहराव कोणीतरी लपवतो, ती त्याची बायको होते, पेहराव सापडला की उडून जाते. स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावर हीच गोष्ट सेल्कीची: सीलचं कातडं लपवलेलं, पुढे मुलांना सापडलेलं, आणि आई समुद्रात परत. माझ्या गिऱ्ह्याची शेंडी याच माळेतली, फक्त इथे पकडणारी बाई आणि पकडलेला पुरुष.

या गोष्टींत निघून जाणं हाच शेवट असतो, आणि सांगणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. वस्तू मिळूनही ती थांबली असं कोणी सांगत नाही. मीच ते गोड करायला निघाले होते.

१४ जानेवारी

पुरूरवा आणि उर्वशी. ऋग्वेदातलं १०.९५ हे सूक्त, १८ ऋचा, जवळजवळ सगळा संवादच. शतपथ ब्राह्मणात त्याच्याभोवती पूर्ण गोष्ट येते. तिथे पेहराव चोरणं वगैरे काही नाही. अटी तिनंच घातलेल्या आहेत, आणि गंधर्वांच्या कारस्थानानं त्यातली एक मोडते तेव्हा ती जाते. सूक्तातलं बोलणं या जाण्यानंतरचं आहे. तो विनवतो, ती नकार देते.

पंधराव्या ऋचेत ती म्हणते, ‘न वै स्त्रैणानि सख्यानि सन्ति’. बायकांचं सख्य असं काही नसतंच, ती सालावृकांची, म्हणजे हिंस्र श्वापदांची, काळजं. ही ओळ सहसा बायकांना नावं ठेवायला वापरली जाते. पण त्याच ऋचेची सुरुवात बघा: पुरूरवा, मरू नकोस, कड्यावरून उडी टाकू नकोस, लांडग्यांनी तुला खाऊ नये. सख्य नसतं म्हणणारी बाई त्याच श्वासात त्याला मरू नकोस म्हणतेय! मला तरी सख्य म्हणजे हेच वाटतं. आणि ते बोलायला तिला आधी मोकळं व्हावं लागलं.

तर ठरलं. शेंडी शेवटी द्यायची नाही, मध्यावर द्यायची. आणि तो जाईल. खरोखर जाईल. प्रेमाचं जे काही व्हायचं ते त्यानंतर.

(‘तर’ हे नाव ठेवल्यापासून हे असं होतंय. प्रत्येक निर्णयाच्या तोंडी कादंबरीचं नाव येऊन बसतं.)

२० जानेवारी

गिऱ्ह्याबद्दल जुने छापील उल्लेख शोधताना कोकणच्या लोककथांच्या टिपणांचा १९१५ चा खंड परत चाळला. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्यानं संपादलेला, पण सामग्री जॅक्सननं जमवलेली. नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी नाटकाच्या प्रयोगाला आला असताना गोळ्या घातल्या. टिपणं आली होती गावोगावच्या शाळामास्तरांकडून. म्हणजे माझा नायक एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरातून आलाय, आणि त्या दप्तरात त्याला कोणा पंतोजींनी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं असणार. भुतांच्या यादीत, अनुक्रमांक घालून.

मला त्या मास्तरांचं जास्त कुतूहल आहे. पण ती वेगळी कादंबरी.

२५ जानेवारी

आज हाती काही लागलं असेल तर हे.

कथा नारळी पौर्णिमेला सुरू होते. धक्क्याच्या सात पायऱ्या मी पहिल्या खर्ड्यात सहज लिहून गेले होते, आणि गिऱ्ह्याला कोरड्या जमिनीवर पाय ठेवता येत नाही हा नियमही होता. आज दोन्ही शेजारी ठेवले. प्रत्येक उधाणाला तो एकच पायरी वर येऊ शकतो, असं केलं तर? उधाण पौर्णिमेला आणि अमावास्येला, म्हणजे साधारण पंधरा दिवसांनी एकदा. मोजत गेले:

नारळी पौर्णिमा, पिठोरी अमावास्या, भाद्रपद पौर्णिमा, सर्वपित्री अमावास्या, कोजागरी, दिवाळीतली अमावास्या, त्रिपुरी पौर्णिमा.

सात. बरोबर सात, आणि मधोमध सर्वपित्री! सगळं गाव आपापल्या मेलेल्यांना जेवू घालतं त्या दिवशी हा मेलेला चौथ्या पायरीवर बसलेला, आणि त्याचं नाव कोणाला माहीत नाही, त्यामुळे त्याच्या नावानं पान कोणीच वाढत नाही. शेंडी परत द्यायचा दिवस माझा मीच शोधला नसता.

सात पावलांचं तर काय सांगायचं. सप्तपदीत शेवटचं पाऊल सख्यासाठी, ‘सखा सप्तपदी भव’. आणि पाणिनीचं एक सूत्रच आहे, ५.२.२२, ‘साप्तपदीनं सख्यम्’: सात पावलं बरोबर चालून जे होतं ते सख्य. तीच सात पावलं मैत्रीची आणि तीच लग्नाची. मराठीतही ‘सखा’ म्हटल्यावर मित्र की प्रियकर ते पुढचं वाक्य आल्याशिवाय कळत नाही. माझी अख्खी कादंबरी त्या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये आहे, आणि पहिल्या खर्ड्यात मी तो शब्द अकरा वेळा, वाटेल तिथे उधळलाय. सगळे अकरा काढले.

२६ जानेवारी

पाणिनी कादंबरीत येणार नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण मला माझी सवय माहीत आहे.

१ फेब्रुवारी

भरतीचा तक्ता केला. होडीवाल्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, पाऊणपटीत थोडं कमी धरलंय, पण वल्हं मारणाऱ्याला तेवढं पुरतं.

हा तक्ता भिंतीवर लावला आणि प्रेमकथेचं निम्मं काम त्यानंच केलं. गिऱ्हा फक्त भरतीला बोलू शकतो. म्हणजे उधाणाला त्यांची भेट मध्यरात्रीच्या आसपास, धक्क्यावर चिटपाखरू नाही. मग रोज पाऊण तास पुढे. एक, दोन, तीन, तिची झोप मोडायला लागते. अष्टमीच्या सुमारास भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, आणि तीही भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, अर्धवट. तेव्हा तरीवर माणसं, बोचकी, कोंबड्या, आणि तो पाण्यात शेजारीच, पण बोलायची सोय नाही. पुढे पुन्हा सरकत सरकत रात्र.

पहिल्या खर्ड्यात ‘काही दिवस ते भेटले नाहीत’ असं लिहायला मला दर वेळी भांडण उकरून काढावं लागत होतं. आता चंद्र ते काम करतो. संथ प्रेमकथेत अडथळे शोधत बसायचं हीच माझी चूक होती. दोन माणसांना रोज थोड्या गैरसोयीच्या वेळी भेटावं लागणं, एवढंसुद्धा पुरतं. पहाटे तीनला उठून कोणी येतंय हे समोरच्याच्या लक्षात यायला किती दिवस लागतात, तेवढी प्रकरणं.

३ फेब्रुवारी

काही नाही. प्रकरण ३ मधली मगर काढली, संध्याकाळी परत घातली. वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि चिखलात पडून राहण्याशिवाय त्या काही करत नाहीत, म्हणूनच मला ती हवी आहे.

९ फेब्रुवारी

प्रकरण १ धुक्यात आहे. यसूला आवाज ऐकू येतो, बाईचा की पुरुषाचा ते कळायला नको. मराठीत हे दिसतं तेवढं सोपं नाही. ‘मी आलो’ म्हटलं की पुरुष, ‘मी आले’ म्हटलं की बाई. ‘मी जातो’, ‘मी जाते’, तेच. क्रियापद तोंड उघडताच चुगली करतं. दोन दिवस घासाघीस केल्यावर वाट सापडली: भविष्यकाळाला लिंग नाही, आणि ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ कर्त्याकडे बघत नाहीत. म्हणून तो आवाज फक्त असं बोलतो: ‘मी पाहिलं. मी ऐकलं. मी नेईन.’ अडचणीतून आलेली वाक्यं, पण भूत असंच बोलत असणार असं वाटायला लागलंय.

साती आसरांचं त्याहून सोपं झालं. आसरा म्हणजे अप्सराच, गावात येऊन पाण्याच्या मालकिणी झालेल्या. त्या बोलतात सगळ्या मिळून, ‘आम्ही आलो’. अनेकवचनात बाई-पुरुष एकच. त्यांच्याकडे बुडालेल्यांचा हिशोब असतो हे माझं पदरचं. उर्वशी याच कुळातली, हे मी कुठेही लिहिणार नाही, पण त्यातली एक आसरा शेवटपर्यंत यसूच्या बाजूची का आहे ते मला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी

सर्वपित्रीचं प्रकरण (आता १५ वं) चौथ्यांदा लिहिलं. ती शेंडी परत का देते?

पहिल्यांदा: प्रेमापोटी. फाडलं. प्रेम असतं तर उरलेली सोळा प्रकरणं कशाला?
दुसऱ्यांदा: दया येऊन. दया मालकाला येते, म्हणजे पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा: आसरांच्या धाकानं. हे तर वादळापेक्षा वाईट.

आज: ती थकलीय. काबूत आलेल्या भुताला सतत काम द्यावं लागतं, नाहीतर ते ‘काम सांगा, काम सांगा’ करून डोकं खातं. दीड महिना ती कामं शोधतेय. जाळी धुऊन झाली, धक्का घासून झाला, खाडीतले गोटे एका काठावरून दुसऱ्या काठावर नेऊन झाले आणि परत आणून झाले. सर्वपित्रीच्या दिवशी बापाचं पान वाढून ती येते, आणि तो विचारतो, ‘बाई, आता काय करू?’ तिच्या तोंडून निघतं, ‘काही नको करू. बस.’ आणि तो बसू शकत नाही. शेंडी मडक्यात असेपर्यंत त्याला नुसतं बसता येत नाही. तिला शेजारी नुसतं बसणारं कोणीतरी हवंय. म्हणून ती मडकं उपडं करते.

तांदूळ पायऱ्यांवर सांडतात. तो शेंडी उचलतो आणि जातो. मागे वळून वगैरे काही नाही. ती तांदूळ वेचत बसते, कारण तांदूळ आहेत.

हे प्रकरण झाल्यावर मी उठून घरभर फिरले.

२७ फेब्रुवारी

कोजागरी. पाणी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणांपैकी एकाचं, संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, जवळ असल्यामुळे. पाचवी पायरी बुडते, सहावी बुडते. तो येत नाही. ‘कोण जागं आहे’ विचारणारी रात्र आणि एकटी यसू जागी. मी जास्त काही केलं नाही, पाणी चढवलं आणि उतरवलं. १,१०० शब्द, कादंबरीतलं सगळ्यात लहान प्रकरण. मैत्रिणीला पाठवलं. समासात काहीच लिहून आलं नाही, तेव्हा जमलं असावं.

८ मार्च

परत येण्याचा प्रसंग. दिवाळीतल्या अमावास्येची रात्र. हा इथे पूर्ण उतरवते, कारण यावर दोन आठवडे गेलेत:

पाणी चौथ्या पायरीवर आलं, मग पाचव्या. यसू दोर गुंडाळत बसली होती.
‘डावीकडची तिसरी फळी बघ,’ पाण्यातून आवाज आला. ‘पाणी घेतेय.’
तिनं मान वर केली नाही. ‘कधीपासून?’
‘चार दिवस झाले.’
‘चार दिवस बघतोयस होय?’
‘फळी चार दिवस. तुला नऊ.’
‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस, मेल्या?’
‘तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं.’
तिनं दोराची गाठ सोडली आणि परत मारली. ‘कापूस आहे घरात,’ ती म्हणाली. ‘राळ नाही.’

११ मार्च

मैत्रिणीनं ‘तुला नऊ’ खाली दुहेरी रेघ मारून लिहिलंय, ‘हा सिनेमा कुठून आला?’ खरं आहे. ओळ लिहिताना माझे मलाच गुदगुल्या झाल्या होत्या, तेव्हाच कळायला हवं होतं. काढली. आता ती विचारते ‘चार दिवस बघतोयस होय?’ आणि तो गप्प राहतो. ‘तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं’ तेवढं राहिलं, ते वाक्य काढलेल्या ओळीचं काम करतं. किती दिवस पाण्याखालून बघत होता ते त्याचं त्याच्यापाशी.

तिच्या लक्षात एक गोष्ट आलेली दिसत नाही, आणि ती मी मुद्दाम सांगणार नाही. शेंडी परत मिळेपर्यंत गिऱ्हा ‘बघा, बाई’ म्हणत होता. इथे तो पहिल्यांदा ‘बघ’ म्हणतो. एक काना गेला. आपल्याकडे कित्येक प्रेमकथा ‘तुम्ही’चं ‘तू’ होण्यातच घडून जातात, पण सहसा तो क्षण ढोल वाजवून येतो, कोणीतरी म्हणतं, ‘मला तू म्हण ना.’ इथे तो फुटक्या फळीच्या वाक्यातून येऊन गेला. वाचकानं पुढे दोन पानांवर जाऊन थबकावं आणि मागे येऊन बघावं, अशी आशा.

१५ मार्च

बोलीचा प्रश्न. संवाद पूर्ण बोलीत लिहायचा मोह पहिल्यापासून आहे. पण वाशिष्ठीकाठची बोली वेगळी, मालवणी वेगळी, आणि माझ्या कानात आहे ती दोन्हींची भेसळ. चुकीची बोली ही नाटकातल्या दाढीसारखी असते, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच. म्हणून ‘गो’, ‘रे’ आणि ‘मेल्या’, एवढेच तीन शब्द ठेवले. बाकी वाक्यांची चाल बोलावी तशी.

१६ मार्च

‘मेल्या’बद्दल. पहिल्या खर्ड्यात शोध घेतला, ६४ वेळा. यसूच्या तोंडी हा शब्द सहज आला होता, कोकणातली बाई वैतागली की म्हणते तसा. हा तर खरंच मेलेला, हे माझ्या ध्यानात प्रकरण ५ लिहिताना आलं. मग तिथे एक विनोद घातला: ती म्हणते ‘मेल्या!’, तो म्हणतो, ‘हो, बाई.’

आता बसून सगळे ६४ एका तक्त्यात घेतले. शिवी कुठे आहे, सवय कुठे, आणि माया कुठे. पहिली वीसेक शिवी. मग बराच काळ सवय, गाडा ओढताना निघणाऱ्या हुंकारासारखी. सर्वपित्रीनंतर तो नसताना ती एकदाच म्हणते, रिकाम्या पाण्याकडे बघून, आणि तिथे त्या शब्दाला कुठलाच अर्थ ठेवलेला नाही. तो परत आल्यावर माया. ४१ राहिले, शेवटचा प्रकरण २७ मध्ये. त्यानंतर एकही नाही. प्रकरण २९ मध्ये तो म्हणतो, ‘आज मेल्या म्हणाली नाहीस.’ ती म्हणते, ‘विसरले असेन.’

मैत्रिणीनं विचारलं, ती तो शब्द का थांबवते हे कुठे येणार? म्हटलं, कुठेच नाही. ‘बरं,’ म्हणाली. तिचं ‘बरं’ मला अजून नीट कळत नाही.

२९ मार्च

स्पर्श. पहिल्या खर्ड्यात तीन मिठ्या होत्या, त्यातली एक वादळात. तिन्ही गेल्या. गिऱ्हा ज्याला हात लावतो ते भिजतं, हा नियम मी सुरुवातीलाच घालून ठेवला होता आणि मिठ्यांच्या नादात विसरले होते. आता प्रकरण २८ मध्ये ती वाती वळत बसलीय, त्रिपुरीसाठी. तो एक वात उचलतो. ओली होते. ती काही न बोलता ती वात बाजूला, दगडावर वाळत ठेवते, बाकीच्यांत मिसळत नाही. त्रिपुरीच्या रात्री सगळ्या पणत्या लागतात, एक तडतडते. एवढंच. हे लिहिताना खुर्चीवर माझे पाय आपसूक वर घेतले गेले होते.

६ एप्रिल

शेवट. कोजागरीचं उधाण त्यानं चुकवलं, त्यामुळे दिवाळीत तो पाचव्यावर, त्रिपुरीला सहाव्यावर. सातवी पायरी राहते. खूप दिवस मला वाटत होतं की सातव्या पायरीचं काहीतरी करावं लागणार: तिनं खाली उतरायचं, किंवा आसरांनी सूट द्यायची, किंवा पाण्यानंच चढायचं. चार शेवट लिहिले. सगळ्यांत कोणीतरी कोणासाठी काहीतरी करत होतं आणि ते बघा बघा म्हणत होतं.

काल प्रकरण १ परत वाचलं. यसू तिथे सगळ्यात वरच्या पायरीवर बसून आवाज ऐकते. प्रकरण २, वरच्या पायरीवर. पूर्ण कादंबरीभर ती रोज रात्री तिथेच बसते, तिची ती जागाच आहे. सातव्या पायरीवर आधीपासून ती आहे. तो सहाव्यावर आला की शेजारीच आला.

म्हणून शेवटी काही घडत नाही. तो येतो, बसतो. ‘काम सांग’ म्हणत नाही. ती सरकत नाही, कारण जागा आहे.

१२ एप्रिल

पूर्ण दुसरा खर्डा मैत्रिणीकडे. ३० प्रकरणं, ६९,००० शब्द. एक प्रकरण आणि नऊ हजार शब्द कमी झाले, आणि वाचायला मात्र जास्त वेळ लागतो, असं ती म्हणाली. तक्रार की कौतुक, विचारलं नाही.

१९ एप्रिल

गठ्ठा आला. समासात फार नाही. शेवटच्या पानावर एकच प्रश्न: ‘पायऱ्या वरून मोजल्यास की खालून?’

हसले, आणि मग पोटात गोळा आला. दुपारभर बसून पायऱ्यांचा प्रत्येक उल्लेख काढला, ५३ निघाले. काही ठिकाणी वरून, काही ठिकाणी खालून. प्रकरण ११ मधली ‘तिसरी’ आणि प्रकरण १२ मधली ‘पाचवी’ एकच पायरी निघाली. तक्ता केल्यावर कळलं, चूक अगदीच आंधळी नाही. यसूच्या तोंडी असेल तिथे मी वरून मोजलंय, कारण ती घरून येते आणि उतरते. त्याच्या तोंडी असेल तिथे खालून, तो पाण्यातून चढतो. दोघं एकाच धक्क्यावर बसून वेगवेगळे आकडे सांगतायत आणि भांडत नाहीत.

चौथी तेवढी दोघांचीही चौथी. मडकं उपडं झालं ती.

मैत्रिणीला कळवलं. तिचं उत्तर, ‘मग निवेदक कुठून मोजतो?’ निवेदकाचे १४ उल्लेख आहेत, नऊ वरून, पाच खालून. उद्या सकाळी ते.